सिंहाच्या जबड्यातलं जाळं

सरपंचाने काल जेटीवरच्या खांबावर स्वतःच्या नावाची पाटी ठोकली. माझ्या बापापासून आमची होडी त्याच खांबाला असते. मला म्हणतो, "आजोबा, होडी दुसरीकडे लावा. दोराखाली नाव झाकून जातं."

अरे बाबा, असली नावं मी माल्टा बेटावर ढिगाने पाहिलीत. बोटीवर खलाशी होतो तेव्हा तिथे उतरलो होतो. रोमन आले, अरब आले, चिलखतवाले सरदार आले, फ्रेंच आले, मग इंग्रज. जो आला त्याने आधीच्याचं निशाण तासलं आणि आपलं कोरलं. काय तो रुबाब! बंदराच्या वेशीवर एक दगडी सिंह होता, खाऱ्या वाऱ्याने नाक झडलेला. तिथल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने त्याच्या जबड्यात अडकवून जाळं वाळत घातलं होतं.

मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "कुठल्या राजाचा रे हा?"

"कोण जाणे," तो म्हणाला. "पण जाळं झकास वाळतं."

एवढी राज्यं झाली, आणि उरलं काय, तर जाळ्याला खुंटी.

आज सकाळी मी होडी त्याच खांबाला बांधली. दोराचे वेढे पाटीवरूनच घेतले. भरती-ओहोटीला होडी हलते, दोर घासतो. सरपंचाचं नाव किती टिकतं ते बघू.