फिरत्या पाटावरचा गणपती

आमच्या घरी आलेल्या पहिल्याच गणपतीने ऐन आरतीत आमच्याकडे पाठ केली, आणि त्यात गणपतीची काहीएक चूक नव्हती.

चूक कोणाची, हे कळण्यासाठी आधी ‘रविवारचे सुतार’ म्हणजे काय ते सांगावं लागेल. हा आमचा मोबाइलवरचा ग्रुप. यात सुतार एकही नाही. नागपूरचे बोंद्रे सर गणिताचे निवृत्त शिक्षक. सांगलीच्या पल्लवीताई भाजीच्या रिकाम्या क्रेटपासून जगातली कुठलीही वस्तू बनवतात. नाशिकचा शेवाळे स्वतः काहीच बनवत नाही, पण सल्ला देण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. आम्ही एकमेकांना आयुष्यात कधी भेटलेलो नाही. (मैत्री टिकून असण्याचं तेच कारण असावं.) शनिवारी बेत ठरवायचा, रविवारी ठोकाठोक करायची, संध्याकाळी फोटो टाकायचा, आणि सोमवारी घरच्यांनी ती वस्तू गुपचूप माळ्यावर टाकायची, असा आमचा शिस्तीचा कारभार!

मी मिरजोळ्याला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. दिवसभर नट-बोल्ट दुसऱ्यांना काढून द्यायचे आणि आपण एकही पिळायचा नाही, याने माणसाचा जीव किती तगमगत असेल, तुम्हीच सांगा. त्यामुळे रविवार उजाडला की माझ्या अंगात वारं शिरायचं. मी चपलांचं कपाट केलं होतं. त्यात चपला मावल्या नाहीत, म्हणून सुरेखा, म्हणजे आमची सौभाग्यवती, त्यात कांदे ठेवते. ग्रुपवर त्या कपाटाला भरभरून टाळ्या पडल्या होत्या! (फोटो कांदे ठेवण्याआधीचा होता.)

अशात लांज्याहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. घराण्याचा गणपती वडिलांच्या मागे त्याच्याकडेच बसायचा.

“विनू, माझे गुडघे आता ऐकत नाहीत. यंदा गणपती तुझ्याकडे बसव. नीट पार पडलं तर कायमचा तुझ्याकडे.”

“आणि नाही पडलं तर?”

“तर पुढच्या वर्षी परत लांज्याला. गुडघे गेले खड्ड्यात!”

सुरेखाने हे ऐकलं आणि हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवलं. लग्न झाल्यापासून तिची एकच इच्छा होती, गणपती आपल्या दारात यावा. दर वर्षी लांज्याहून परत येताना ती एसटीत गप्प बसायची, ते मला ठाऊक होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि हात जोडले. मला वाटलं, आनंदाने जोडले.

“अहो, एवढं एक काम नीट होऊ द्या. तुम्ही फक्त मधे मधे करू नका.”

आता आमच्याकडची रीत अशी, की गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, घरचा पाट आधी नेऊन द्यायचा. मूर्तिकार त्याच पाटावर माती चढवतो आणि चतुर्थीला मूर्ती पाटासकट घरी येते. दादाने पाट काढून बघितला, तर त्याला वाळवी लागलेली! नवा पाट हवा होता.

“बाजारातून आणा,” सुरेखा म्हणाली.

बाजारातून? ‘रविवारचे सुतार’चा सभासद बाजारातून पाट आणणार? मी ताबडतोब ग्रुपवर लिहिलं, “मित्रहो, घरच्या गणपतीसाठी फणसाच्या लाकडाचा पाट करतोय.” आणि ग्रुप असा काही पेटला, की मोबाइल टेबलावर थरथरत कडेपर्यंत गेला!

बोंद्रे सरांनी लिहिलं, “साधा पाट करण्यात काय राम आहे भाऊ? काहीतरी गंमत पाहिजे ना.”

पल्लवीताईंनी लिहिलं, “फिरता करा! खाली बेअरिंग घाला. चारी बाजूंनी दर्शन. लई भारी दिसंल!”

माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. एका बोटाने हलका धक्का द्यायचा आणि बाप्पाने ऐटीत साऱ्या घराकडे बघायचं! दादा थक्क, वहिनी थक्क, सगळी आळी थक्क! त्या आठवड्यात मला कामावर सुद्धा धड लक्ष लागेना. भंगारवाल्याकडून एक दणदणीत बेअरिंग मिळवलं. रविवारी पडवीत बसून दोन फळ्या तासल्या, मधे बेअरिंग बसवलं, ग्रीस चोपडलं. बोट लावलं की पाट गरगर फिरायचा, थांबायचं नावच नाही! मी लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या. सुरेखाला ‘जरा जाड पाट आहे’ एवढंच सांगितलं.

व्हिडिओ टाकल्यावर शेवाळेने पहिल्यांदाच एक शहाणा प्रश्न विचारला. “थांबवायला खीळ कुठे आहे?”

यावर ग्रुपवर मतदान घेण्यात आलं. ‘खीळ हवी’ या बाजूला फक्त शेवाळे. बाकी सगळ्यांचं म्हणणं, मूर्तीचं वजन हीच खीळ. (शेवाळेचा सल्ला आजवर कोणी ऐकलेला नव्हता, तेव्हा यंदाच परंपरा कशाला मोडा?) ठराव मंजूर!

गणपतीच्या शाळेतले अण्णा तर पाटावर खूश झाले. “रंगवायला झ्याक हो! जागेवर बसून चारी अंगांनी हात फिरवला. असाच आणखी एक करून देता काय मला?” चतुर्थीला मूर्ती देताना त्यांनी वरची आणि खालची फळी सुतळीने घट्ट आवळून दिली. “ही सोडू नका हो,” म्हणाले. पण अण्णांचं कौतुक डोक्यात इतकं भिनलं होतं, की हे वाक्य कानातून आत गेलंच नाही.

आमचं घर लहान. बाहेरची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, आणि दोहोंच्या मधे रुंद कमान. त्या कमानीतच चौरंग मांडला, मागे सुरेखाच्या साडीचा पडदा लावला. पुढे पुरुषमंडळींनी आरती करायची, पडद्यामागे बायकांनी मोदक वाफवायचे. आरती संपली रे संपली की वाफाळता नैवेद्य आलाच पाहिजे, हा दादाचा नियम. मूर्ती बसवताना ती सुतळी फारच बेंगरूळ दिसत होती. फोटोत वाईट दिसेल म्हणून मी ती कापून टाकली. होय, मीच!

गुरुजी आले, त्यांनी घाईघाईने प्राणप्रतिष्ठा केली आणि पुढच्या घराकडे स्कूटर पिटाळली. बाप्पा शांतपणे आमच्याकडे बघत बसले होते. लांज्याहून वहिनींसह आलेला दादा खूश होता. सुरेखाच्या तोंडावर तर अशी कळा आली होती, की मला एकदम भरून आलं. मी ग्रुपला व्हिडिओ कॉल लावून मोबाइल भिंतीवरच्या फळीवर उभा केला. म्हटलं, मित्रांनाही दर्शन होऊ दे.

मग शेजारीपाजारी आले. कोणी जास्वंदीचा जाड हार घातला, कोणी पाटाच्या पुढच्या कडेवर नारळ ठेवला, कोणी केळ्यांचा घड. आता एक गोष्ट मला आधी ठाऊक असायला हवी होती. आमच्या घराची फरशी गवंड्याने स्वयंपाकघराच्या बाजूला उतरती घेतलेली आहे, पाणी आपोआप मोरीकडे जावं म्हणून. म्हणजे पाट कलता, पुढची बाजू जड, आणि मधे ग्रीसने न्हालेलं बेअरिंग!

आरती सुरू झाली. झांजा, टाळ्या, शेजारच्या नानांचा खर्जातला आवाज. फरशी दणाणू लागली. दादा डोळे मिटून तबक ओवाळत होता. दुसऱ्या आरतीला बाप्पांची सोंड जराशी डावीकडे झाली. मला वाटलं, भास. तिसऱ्या आरतीला त्यांचा एकच कान आमच्याकडे होता. पुढच्या कडव्याला त्यांनी सावकाश, अगदी राजेशाही थाटात तोंड फिरवलं, आणि आमच्यासमोर उरली ती त्यांची गुलाबी, गुळगुळीत पाठ!

दादाने डोळे उघडले. तबक हवेतच थांबलं. नानांचा खर्ज घशातच राहिला.

“विनू,” दादा पुटपुटला, “देवाने पाठ फिरवलीन रे!”

सुरेखाने पडद्याच्या कडेने डोकं बाहेर काढलं. तिने बघितलं आणि मटकन खाली बसली. “आमच्याकडे नाही राहायचं त्याला,” एवढंच म्हणाली. डोळे भरलेले. मी मूर्ती सरळ करायला हात पुढे केला, तोच दादा कडाडला, “खबरदार! प्राणप्रतिष्ठा झाल्यावर उत्तरपूजेपर्यंत मूर्तीला जागची हलवायची नसते!”

कोणाची काय चूक झाली याचा जो तो मनातल्या मनात शोध घेत होता. (मला शोध घ्यावा लागत नव्हता.) आणि तेवढ्यात फळीवरून बोंद्रे सरांचा खणखणीत आवाज आला.

“वा वा वा! काय लोण्यासारखा फिरला! जमलं ना भाऊ!”

“नाद नाही करायचा!” पल्लवीताई ओरडल्या. “आणखी एक फेरी होऊ दे!”

दादाने सावकाश फळीकडे बघितलं. “हे कोण?”

“मित्र.”

“कुठले?”

“असे सगळीकडचे.”

“आणि त्यांना कसं माहीत, की गणपती फिरतो?”

शेवाळेच्या आवाजात उत्तर आलं, “काका, खिळीचं मी आधीच बोललो होतो!”

दादा खाली वाकला. पाटाच्या दोन फळ्या, त्यांमधली चकाकती फट आणि ग्रीस त्याने नीट निरखून बघितलं. त्याचं तोंड लाल झालं. “पुढच्या वर्षी गणपती लांज्याला. विषय संपला!” सुरेखाने माझ्याकडे असं बघितलं, की त्यापेक्षा तिने कांद्यांचं कपाट फेकून मारलं असतं तर परवडलं असतं.

गुरुजींना फोन लावला. ते कुठल्यातरी पूजेत होते, पाठीमागे घंटा वाजत होती.

“मूर्तीने जागा सोडली का?”

“जागा तीच आहे हो. तोंड फिरलंय फक्त.”

“मग हात लावू नका. तुम्ही पलीकडे जा!” फोन बंद.

आता पलीकडे जायचं कसं? कमान तर चौरंगाने पूर्ण अडलेली! मग दादा तबक घेऊन पुढे, मागे नाना झांजांसकट, मागे सगळी आळी, अशी आमची वरात पुढच्या दाराने बाहेर पडून, पावसात छत्र्या उघडून, केळीखालच्या चिखलातून घराला वळसा घालून मागच्या दाराशी आली. ज्योत विझू नये म्हणून मी तबकावर छत्री धरली होती आणि स्वतः भिजत होतो. (ते योग्यच होतं.) स्वयंपाकघरात पाच-सहा माणसं कशीबशी मावली. बाकीचे मोरीजवळ, पागोळ्यांखाली.

आत बघतो तर पडदा बाजूला सारलेला, आणि बाप्पांच्या अगदी समोर वहिनी उभ्या! हाताला तांदळाची पिठी, कपाळावर घाम. त्यांच्या शेजारी सुरेखा. मागे मोदकपात्राची वाफ सुटलेली.

दादा म्हणाला, “जरा बाजूला हो गो. आरती अर्धी राहिली आहे.”

“नाही होणार!” वहिनी म्हणाल्या. वहिनी दादाला ‘नाही’ म्हणाल्याचं मी प्रथमच ऐकलं. नानांनी झांजा खाली केल्या.

“लग्न होऊन तुमच्या घरात आले, तेव्हापासून आरती मी फक्त कानांनी ऐकते. तुम्ही बाहेर ओवाळता, मी आत उकड मळते. आज तो इकडे वळला, तर तुम्ही म्हणता पाठ फिरवलीन? पाठ तुमच्याकडे फिरवलीन. तोंड आमच्याकडे केलंन!”

दादाने तबक वहिनींच्या हातात दिलं. वहिनींनी पिठीचे हात पदराला पुसले आणि आरती ओवाळली. सूर एकदम खणखणीत! सुरेखा शेजारी टाळ्या वाजवत होती आणि डोळे पुसत होती. त्या दिवशी मोदक थोडे जास्त शिजून फुटले. दादाने सगळे फुटके मोदक मुकाट्याने खाल्ले.

जेवण झाल्यावर वहिनी म्हणाल्या, “गणपती इथंच राहू दे. मी दर वर्षी येईन.” दादाने मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “पण पाट बाजारातला! आणि चतुर्थीच्या आधी महिनाभर तू पान्याला शिवायचं नाहीस.” दुसऱ्या दिवशी विसर्जनाला मूर्ती नेताना पाटाला त्याने स्वतः सुतळी आवळली, आणि गाठ मारताना माझ्याकडे बघणं काही सोडलं नाही.

पुढच्या वर्षी गणपती पुन्हा आमच्याकडे आला. पाट बाजारातला, साधा. मी चिंतेत होतो, की पुरुषांनाही दिसावा आणि स्वयंपाकघरालाही दिसावा, हे बेअरिंगशिवाय जमायचं कसं? सुरेखाने आणि वहिनींनी चौरंग उचलला, बाहेरच्या खोलीत कमानीसमोरच्या भिंतीला टेकवला, आणि कमानीतला पडदा काढून टाकला. बस! दोन्ही खोल्यांतून बाप्पा लख्ख समोर!

मी फोटो ग्रुपवर टाकला. बोंद्रे सरांनी लगेच विचारलं, “दोन्हीकडून दर्शन! यंत्रणा कोणती वापरली भाऊ?”

मी लिहिलं, “वहिनी आणि बायको. मला फक्त फोटो काढायला ठेवलंय.”