चिंचेने घासलेली शिवराई

माझी कशी वाट लागली ते सांगतो, पण आधी हातातला कप खाली ठेवा. ऐकताना चहा अंगावर सांडला तर मी जबाबदार नाही.

मी नाहूरला राहतो आणि घाटकोपरला एका विमा कंपनीच्या ऑफिसात बसतो. बसतो म्हणजे शरीराने. मन कुठे गेलं होतं ते मला परत आल्यावर कळतं. साहेब क्लेमबद्दल बोलत असतात आणि मी समोरच्या इमारतीवरच्या घारीबरोबर मुलुंडच्या डोंगरापर्यंत जाऊन आलेलो असतो. माझी बायको सुजाता पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ती म्हणते, घरात एकाचं तरी लक्ष असलेलं बरं.

तर अशा माणसाला शिवराईचं वेड लागलं. शिवराई म्हणजे शिवकाळापासून चालत आलेलं तांब्याचं नाणं. एका अंगाला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्रपति’. मला काही संग्रह वगैरे करायचा नव्हता. मला ती फक्त मुठीत धरून बसायचं होतं. किती बोटं फिरली असतील हो त्या तांब्यावरून? कुणी ती देऊन मीठ घेतलं असेल. कुणी नावाड्याला देऊन नदी ओलांडली असेल. एखाद्या बाईने पदराच्या गाठीत बांधली असेल आणि विसरून गेली असेल. मी असा विचार करत बसायचो आणि माझ्यासमोरचा डबा थंड व्हायचा.

ऑनलाइन शोधायला लागलो तर शिवराई नाण्यांचा नुसता पाऊस. सुजाताने बजावलं, त्यात निम्म्या खोट्या असतील, आधी नीट माहिती काढ. मग मी व्हिडिओ बघितले. खूप बघितले. खोटं नाणं साच्यात ओतलेलं असतं, त्याच्या कडेला जोडाची रेघ दिसते, अंगावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात. शिवाय ते जुनं दिसावं म्हणून त्याला रसायनाने काळं करतात, आणि घासलं की तो रंग निघून येतो. हे शेवटचं वाक्य माझ्या मनात पक्कं बसलं. त्याच्या पुढेही व्हिडिओतला माणूस काहीतरी बोलत होता, पण तोवर मी नावेत बसून नदीच्या मध्यावर पोचलो होतो.

शेवटी जोगेश्वरीच्या एका बाईंची जाहिरात आवडली. शैलाताई त्यांचं नाव. नवऱ्याने आयुष्यभर जमवलेली नाणी त्या त्याच्या माघारी एकेक करून विकत होत्या. पैसे भरण्याआधी त्यांनी मेसेज करून विचारलं, नाणं कशासाठी हवंय? मी खरं ते लिहिलं. मुठीत धरून बसायला. उत्तर आलं, “पाठवते. हेही तेच करायचे.”

कुरियर आलं. कागदाच्या घडीतून शिवराई तळहातावर पडली. काळपट तपकिरी, थंड, आणि आकाराने एवढी लहान असून जड. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. मी मूठ मिटली, डोळे मिटले, आणि किती वेळ गेला कुणास ठाऊक. कुठेतरी घोड्यांच्या टापा वाजत होत्या. डोळे उघडले तर शेजाऱ्यांकडे फरशीचं काम चाललं होतं.

तिथेच थांबलो असतो तर आज हे सांगायची वेळ आली नसती. पण मनात किडा वळवळला. हा काळा रंग खरा कशावरून? घासून बघायला काय जातं?

आता आपल्या घरात तांबं कशाने घासतात? स्वयंपाकघरात गेलो, चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि पाण्याचा तांब्या घासतात तसं नाणं घासलं. पहिल्याच फटक्यात काळं उतरायला लागलं. घासत गेलो तसा खालून गुलाबी, लखलखीत तांबडा रंग वर आला. काल बोहारणीकडून आणल्यासारखं नाणं! नदी, नावाडी, मीठ, पदराची गाठ, सगळं मोरीतून वाहून गेलं.

सुजाता कामावरून आली तेव्हा मी शिवराई शोधताना सामील झालो होतो त्या नाणेवाल्यांच्या फोनवरच्या ग्रुपवर फोटो टाकून मोकळा झालो होतो. वर शैलाताईंच्या जाहिरातीचा दुवा आणि खाली, सावध राहा, या बाई खोटी नाणी विकतात. ग्रुपवर एकमत झालं. एवढं चकचकीत म्हणजे शंभर टक्के आजकालचं, एका जाणकाराने लिहिलं. बाईंकडून काही घ्यायच्या बेतात असलेल्या दोघांनी आपापले सौदे रद्द केले आणि मला धन्यवाद दिले. मला समाजसेवा केल्यासारखं वाटत होतं.

सुजाताने नाणं उलटसुलट केलं. तिने एवढंच विचारलं की, घासायच्या आधी फोटो काढला होतास का. मी नाही म्हटलं. तिने नाणं नाकाशी धरून वास घेतला. नाण्याला आमटीचा वास येत होता.

शैलाताईंना मी खरमरीत मेसेज केला होता. त्यांचं उत्तर शांत होतं. नाणं घेऊन घरी या, पैसे परत घेऊन जा.

रविवारी गेलो. दुसऱ्या मजल्यावरचं स्वच्छ, लहानसं घर. बाई सत्तरीच्या, केस पांढरेशुभ्र, डोळ्यांवर जाड चष्मा. रिक्षात मी भांडणाची सगळी वाक्यं तयार केली होती. त्यांनी आधी पाणी दिलं, मग हात पुढे केला. मी नाणं ठेवलं.

त्यांनी ते चष्म्याजवळ नेऊन बघितलं. मला वाटलं, चोरी पकडली गेली. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, “कशाने घासलंत?”

“चिंचेने,” मी म्हटलं. “आणि मिठाने.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. फोनवर जाहिरातीतला फोटो काढला आणि माझ्यासमोर धरला. फोटोतल्या नाण्याच्या काठाला खाच होती, ती माझ्या नाण्यावरही तशीच. ‘श्री’ काठाशी अर्धा कापलेला होता, तोही तसाच.

“हा ‘श्री’ बघा,” त्या म्हणाल्या. “हाताने ठोकलेलं नाणं आहे, ठसा मोठा आणि नाणं लहान, म्हणून अक्षर मावलं नाही. कडेला जोडाची रेघ आहे का, अंगावर बुडबुड्यांचे खड्डे आहेत का? तो काळा रंग लावलेला नव्हता हो. तीनशे वर्षांत तो हळूहळू चढला होता. चिंचेने तोही उतरतो.”

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण दुसऱ्या मजल्यावर तीही सोय नसते. मी ग्रुपबद्दलही सांगून टाकलं. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला. सौदे का मोडले ते त्यांना आत्ता कळत होतं. त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता बाहेर काढणार. त्या चहा टाकायला गेल्या होत्या.

तिथेच बसून मी ग्रुपवर लिहिलं. माझी चूक झाली, नाणं अस्सल आहे, मीच ते चिंचेने घासलं, ताईंची माफी मागतो. काय व्हावं? एकानेही विश्वास ठेवला नाही. काल खोटं म्हणत होता, आज खरं कसं झालं? बाईंनी किती दिले? तो जाणकार तर म्हणाला, हा माणूस त्याच टोळीतला दिसतोय. चहा येईपर्यंत मला ग्रुपमधून काढून टाकलं होतं.

मी फोन शैलाताईंच्या हातात दिला. त्यांनी सगळं सावकाश वाचलं, आणि पहिल्यांदाच त्यांना हसू आलं. बशी हलण्याइतकं हसू.

त्या दिवशी मी पैसे घेतले नाहीत आणि नाणंही परत दिलं नाही. उलट गिऱ्हाईक माझ्यामुळे गेलं म्हणून दर रविवारी जोगेश्वरीला जायला लागलो. नव्या जाहिराती टाकायच्या, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. काम छान आहे. शैलाताई एकेक नाणं मखमलीवर ठेवतात, हे कुठल्या गावच्या बाजारात मिळालं ते सांगतात, आणि आम्ही दोघंही थोडा वेळ तिथे जाऊन येतो. कधी कधी त्या परत यायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लावतात.

मागच्या रविवारी एका गिऱ्हाइकाने विचारलं, नाणी अस्सल आहेत हे कशावरून? मला हुरूप आला. म्हटलं, “ताई, लिहू का, मी स्वतः बघून खात्री केलीय म्हणून?”

शैलाताई मखमल सारखी करत म्हणाल्या, “नको रे बाबा. तेवढं सोडून काहीही लिही. मला ही विकायची आहेत.”