कोल्हापूरचा शिक्का

महिपत भोईर आयुष्यात दोनदा सायकलने कोल्हापूरला गेला. पहिल्या वेळी त्याला कन्याकुमारी गाठायची होती आणि कोल्हापूर वाटेत लागले. दुसऱ्या वेळी त्याला कोल्हापूरलाच जायचे होते, तेही तिथल्या मोठ्या पोस्टातल्या एका खिडकीपर्यंत.

मी ठाण्याच्या एका शाळेत शिक्षक म्हणून लागलो तेव्हा कळव्यात आवडाबाई भोईरांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. माझे गाव कराडजवळ. खाडीचा वास, भरती-ओहोटी, पावलापावलाला खारट होत जाणारी जमीन, यांतले मला काहीच माहीत नव्हते. आवडाबाईंची सारी हयात मिठागरात गेली होती. नवरा लवकर वारला, धाकटी लेक शकू डोंबिवलीच्या आयरे गावात दिलेली. घरात त्या आणि महिपत. महिपत माजिवड्याच्या बाजूला एका कारखान्यात फिटर होता. वय तिशीच्या पुढे, लग्न केलेले नाही. का, असे कोणी विचारले की आवडाबाई पडवीतल्या सायकलीकडे बोट करीत.

"ती बग माझी सून. खात नाय, पीत नाय, उलटून बोलत नाय."

वर्षातून एकदा महिपत रजा काढून एकटाच सायकलने दूर जाई. नाशिक झाले, शिर्डी झाली, रत्नागिरी झाली. सोबत शंभर पानांची वही असे. ज्या गावी पोचेल तिथे ग्रामपंचायत, पोलीस चौकी किंवा पोस्ट, जे उघडे सापडेल तिथे जाऊन तो वहीवर शिक्का आणि तारखेसह सही घेई. त्या काळी असे एकटे हिंडणारे सगळेच सायकलस्वार हे करीत. वहीत शिक्का नसेल तर गाव झाले असे धरत नसत. परत आला की तो वही आईच्या मांडीवर ठेवी. आवडाबाईंना वाचता येत नव्हते. त्या प्रत्येक शिक्क्यावरून बोट फिरवीत आणि जांभळा रंग जास्त उमटला असेल तर "ह्यो चांगला मारलाय" असे म्हणत.

१९८५ च्या दिवाळीत कन्याकुमारीचे ठरले. वेळापत्रक मी करून दिले. पुण्यापासून कराडपर्यंतचा रस्ता माझ्या माहितीचा होता, पुढची अंतरे शाळेतल्या नकाशावरून काढली. तीन जानेवारीला निघायचे, चारला पुणे, सहाला सातारा, सातला कराड, आठला कोल्हापूर, अकराला हुबळी. घाटांचा विचार करून मी मुद्दामच सैल हिशेब धरला होता. घरची पत्रे फक्त तीन ठिकाणी जातील असे ठरवले: कोल्हापूर, हुबळी आणि बंगळूर. तिथल्या पोस्टमास्तरांच्या मार्फत पत्र पाठवायचे आणि महिपतने त्या त्या तारखेला खिडकीवर जाऊन ते मागायचे. वेळापत्रकाची एक प्रत त्याच्या खिशात गेली, दुसरी मी आवडाबाईंच्या दाराला आतून चिकटवली.

गावातल्या उत्तम पेंटरने सायकलीच्या पुढे लावायला पत्र्याची पाटी केली. "कळवा ते कन्याकुमारी" असे लिहून तो ब्रश हातात धरून बसला.

"संदेश काय टाकू?"

"संदेश नाय," महिपत म्हणाला.

"अरे, संदेशाबिगर कोण हार घालंल तुला? लोक बोलतील, हा कामधंदा नाय म्हणून निघालाय."

शेवटी उत्तमने आपल्याच मनाने खाली "राष्ट्रीय एकात्मता" असे लिहिले. महिपतने ते वाचले आणि पाटी सायकलीला बांधली. तीन जानेवारीला सकाळी तो निघाला तेव्हा आवडाबाईंनी सायकलीच्या चाकावर पाणी घातले, हँडलला हळदकुंकू लावले आणि म्हणाल्या, "सूनबाई, त्याला घेऊन ये हो."

सहा तारखेला, सोमवारी सकाळी, आवडाबाई न्हाणीपाशी पडल्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी दोन दिवसांच्या पुढचे काही सांगितले नाही. शकू आयऱ्याहून आली. मी दुपारी ठाण्याच्या तार ऑफिसात जाऊन कोल्हापूरला तार केली: आई गंभीर, त्वरित परत ये. घरी येऊन दारावरचे वेळापत्रक पाहिले. आठला त्याला तार मिळेल, रात्रीची एस.टी. धरली तर नऊच्या सकाळी तो कळव्यात असेल. माझा हिशेब असा होता.

आवडाबाई आठ तारखेच्या संध्याकाळी गेल्या. त्या तीन दिवसांत त्यांची नजर दारावरून हलली नाही. दारावर तो कागद होता, पण त्यांना तो वाचता येत नव्हता. त्या दाराकडे पाहत होत्या एवढेच म्हणता येईल. नऊला आम्ही दुपारपर्यंत वाट पाहिली. मग चुलत भावाने, चंदूने, अग्नी दिला. मी हुबळीला दुसरी तार केली.

महिपत अकरा तारखेला दुपारी आला. सायकल एस.टी.च्या टपावर बांधून आणली होती. हुबळीच्या पोस्टात तो शिक्का घ्यायला गेला तेव्हा खिडकीतल्या माणसाने बाहेर उभ्या सायकलीवरची पाटी वाचली आणि स्वतःहून म्हणाला, तुमची तार आहे. ती आमची दुसरी तार होती. तो हुबळीला दहा तारखेच्या सकाळी होता, म्हणजे वेळापत्रकाच्या एक दिवस पुढे. कोल्हापूरलाही तो एक दिवस पुढेच होता.

त्याने सायकल पडवीत लावली, पाय धुतले आणि आईच्या रिकाम्या जागेपाशी बसला. रडला नाही. शुभदाने, माझ्या पत्नीने, चहा दिला तो त्याने प्यायला आणि कप विसळून ठेवला.

तेराव्यानंतर पाहुणे गेले आणि शकूने विचारले. आम्ही पडवीतच होतो.

"दादूस, कोल्हापुरात तू कवा होतास?"

"सात तारखेला. सकाळी अकराला."

"पोस्टात गेलास?"

"गेलतो. शिक्का घेतला."

"मग तार आली होती का नव्हती?"

"म्हायत नाय."

"विचारलास नाय?"

"पत्रं आठ तारखेला येणार होती," तो म्हणाला. "मी सातला पोचलो. वाटलं, आज काय असणार? म्हणून विचारलं नाय."

"म्हंजे आयसनं कॅलेंडर बघून पडायला पायजे होतं," शकू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तार तिथं पडलेली असंल तर तू तिच्याकडं पाठ करून गेलास. तवाच अकरा वाजता निघाला असतास तर आठाच्या सकाळी घरात असतास. ती होती तवा. आणि तार आली नसंल तर तुजा काय दोष नाय. मना एवढंच कळू दे. ते कळंपर्यंत मी ह्या घरचं पाणी पिणार नाय."

ती त्याच दुपारी आयऱ्याला गेली.

महिपत कामावर जाऊ लागला, पण चालत. कळव्याच्या पुलावरून माजिवड्यापर्यंत तो चालत जाई आणि चालत येई. सायकल पडवीतच राहिली. साखळी गंजली, टायर बसले. त्याच्यात दुसरा कोणताही बदल मला दाखवता येणार नाही. तो वेळेवर उठे, भाकरी करी, भांडी घाशी, भेटला की दोन शब्द बोले. त्याला दुःख झाले आहे असे दिसत नव्हते आणि झाले नाही असेही म्हणता येत नव्हते. एकदा मी त्याच्याकडे काही मागायला गेलो तेव्हा तो वही उघडून बसला होता. कोल्हापूरच्या पानावर पोस्टाचा काळा गोल शिक्का होता, सात जानेवारी. "चांगला मारलाय," तो म्हणाला आणि त्याने वही मिटली.

मी सुचवले की आपण कोल्हापूरच्या पोस्टमास्तरांना पत्र लिहून तारेची वेळ विचारू.

"पत्राचं उत्तर तुमाला येईल, मास्तर. मना जायला पायजे."

"मग एस.टी.ने जाऊन या. एका रात्रीचा प्रश्न आहे."

"एस.टी.नं तर तवा यायचं होतं," तो म्हणाला.

पण तो गेला नाही. वर्ष तसेच गेले. डिसेंबरच्या अखेरीस आवडाबाईंचे वर्षश्राद्ध झाले. शकू आली, ओट्यावर बसली, पान वाढले तेव्हा उठून अंगणातल्या आंब्याखाली जाऊन उभी राहिली आणि पाणी न पिता परत गेली. दुसऱ्या दिवशी महिपतने साखळीला रॉकेल लावले.

त्याने माझ्याकडून नवे वेळापत्रक करून घेतले. जायच्या तारखा गेल्या वर्षीच्याच: तीनला निघणे, आठला कोल्हापूर. परतीच्याही तारखा त्याने लिहायला लावल्या आणि शेवटी, तेरा जानेवारी, कळवा. "वक्त पण टाका," तो म्हणाला. मी संध्याकाळचे सहा असे लिहिले. त्याने आयऱ्याला निरोप धाडला की वेळ विचारायला जातो आहे, तेराला सहाला येईन. उत्तम पेंटर पाटी रंगवून देतो म्हणाला.

"निदान कोल्हापूर तरी लिवतो. लोकांना कळायला नको?"

"पुसून टाक," महिपत म्हणाला.

तो गेला त्या दिवशी, शनिवारी दुपारी, शकू आली. घरात आली नाही; अंगणात उभी राहून तिने मला हाक मारली. हातात एक पोस्टकार्ड होते, कोरे.

"मास्तर, कोल्हापूरच्या पोस्टात लिवायचंय. दादूसला. मी सांगते तसंच लिवा, तुमी गोड करू नका."

मी ओट्यावर बसून लिहू लागलो. ती एकेक वाक्य सांगे आणि माझ्या हाताकडे पाही. शुभदाने तांब्या बाहेर आणून ठेवला; तिने तो हाताने बाजूला सरकवला. चार-पाच ओळींत मजकूर संपला. तिने अंगठा उठवला आणि शाई पदराला पुसली.

"मिळंल ना त्याला?"

"मागितले तर मिळेल," मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "गेल्या वर्षी मागितलं नव्हतं."

मी तेव्हाच ठाणे स्टेशनला जाऊन कार्ड टाकले. पुढचे दहा दिवस मी शाळेत शिकवत होतो आणि मधूनच कोल्हापूरच्या पोस्टातली ती खिडकी माझ्या डोळ्यांसमोर येई. तो तारेची वेळ विचारायला गेला होता. उत्तर मिळाले की तो परत फिरेल. आपल्या नावाचे पत्र असेल असे त्याला का वाटावे? त्याला पत्र लिहिणारे कोण होते?

तेरा तारखेला, भोगीच्या दिवशी, मी शाळा सुटल्यावर बसने येत होतो. बस कळव्याच्या पुलावर चढली तेव्हा कठड्याला टेकवलेली सायकल दिसली. पुढचा पत्रा कोरा होता. मी पुलाच्या टोकाला उतरून मागे चालत आलो. महिपत कठड्यापाशी उकिडवा बसला होता. चेहरा उन्हाने करपलेला, दाढी वाढलेली. खाली ओहोटी होती आणि चिखलात दोन होड्या कलल्या होत्या.

"आलात?" मी म्हणालो.

"दुपारीच आलो. किती वाजले, मास्तर?"

"पाचला पाच कमी."

त्याने मान हलवली. मी त्याच्याजवळ उभा राहिलो. थोड्या वेळाने तो आपणच बोलू लागला.

"कराडला एक आख्खा दिस बसलो. लवकर पोचलेलो. तुमच्या भावानं जेवाय घातलं, म्हणाला, पुढं जा की. मी बोललो, नाय, उद्या निघायचंय." तो थांबला. "कोल्हापूरला आठ तारखेला गेलो. खिडकीत पोरगी होती. तिला समदं सांगितलं. ती आत जाऊन आली. बोलली, तारांचे जुने कागद ठेवत नाहीत, जाळतात. आता कुणाला सांगता येणार नाय."

"म्हणजे कळलेच नाही."

"नाय."

मी खाडीकडे पाहत राहिलो. मला कार्डाचे विचारायचे होते आणि विचारता येत नव्हते.

"मग वही दिली," महिपत म्हणाला. "तिनं शिक्का मारला. मी वही घेतली, दारापातूर आलो. मग परत गेलो. रांगेत उभा राहिलो. माझ्या फुडं चार माणसं होती. मना म्हायत होतं, काय नसणार. पण तवा विचारायचं राहिलं होतं ना. तेवढं विचारून येऊ, असं वाटलं. बोललो, महिपत भोईर, कळवा. माझ्या नावाचं काय हाय का?"

त्याने सदऱ्याच्या खिशातून कार्ड काढले. घामाने कडा मऊ झाल्या होत्या. माझेच अक्षर होते, तरी त्याने दिले म्हणून मी ते पुन्हा वाचले.

"दादूस, तार होती का नव्हती ते मना आता नको. आयस गेली ती गेली. तू सायकल चालवतोस ती चालव. पण लवकर येऊ नको. सांगितलंस त्याच दिवशी, त्याच वक्ताला ये. मी कळव्याला येऊन पाणी भरून ठेवते. तू आलास की पिते. शकू."

खाली अंगठा होता.

मी कार्ड परत दिले. त्याने ते खिशात ठेवले आणि वर बटण लावले. त्याच्या चेहऱ्यावर काहीही उमटले नव्हते; फक्त बटण लावल्यावरही हात खिशावरच राहिला.

"घर पाच मिनिटांवर आहे, महिपत. चला."

"सहा लिवलंय तुमी."

"ती काही बोलणार नाही."

"तुमी व्हा फुडं," तो म्हणाला. "तिला सांगू नका मी हितं हाय."

तो घड्याळ वापरत नसे. मी मनगटावरचे माझे घड्याळ काढून त्याच्या हातात दिले. त्याने ते कानाला लावून पाहिले, मग कठड्यावर आपल्यासमोर ठेवले आणि पुन्हा बसला.

मी घरी आलो. दार उघडे होते. वर्षापूर्वीच्या त्या कागदाचे चार कोपरे दाराला अजून चिकटलेले होते. आत शकू पदर खोचून उभी होती. चुलीवर भाजी होती, उंबऱ्यापाशी घासलेली कळशी भरून ठेवली होती आणि तिच्यावर पालथा पेला होता. पेला कोरडा होता.

"किती वाजले, मास्तर?" तिने विचारले.

मी सवयीने मनगट पाहिले.

"वेळ आहे अजून," मी म्हणालो.