महादेवाच्या वाट्याचं पाणी

बायकोच्या उपासतापासांची मी तेव्हा मनसोक्त थट्टा करायचो. देव असला तर असू दे, माझं त्याच्याशी काही काम नव्हतं. पौडच्या अलीकडे ओढ्याकाठी साबणाचा एक लहानसा कारखाना होता, तिथं मी कामाला होतो. सगळा खेळ कॉस्टिक सोड्याशी. थेंब उडाला की कातडी आधी बुळबुळीत व्हायची, मग आग आग. हातमोजे, चष्मे आमच्या गावीही नव्हते.

श्रावणातल्या एका सोमवारी कढई ढवळताना कॉस्टिकचं पाणी उसळलं आणि थेट माझ्या डोळ्यांत गेलं. मी किंचाळत बाहेर धावलो. मागून मुकादम ओरडला, “लिंबू आणा रं! लिंबानं कॉस्टिक मरतंय!” कढईतलं मरतं हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून मलाही ते पटलं. मी आंधळ्यासारखा लिंबासाठी हात पसरून उभा राहिलो.

तेवढ्यात तोंडावर गार पाणी आदळलं. कळशी घेऊन महादेवाच्या देवळाकडे निघालेली कुणी बाई होती. “डोळं उघड, मुडद्या! मिटू नको!”

“अगं, पिंडीवर घालायचं पाणी हाय ते!” मुकादम म्हणाला.

“जळतंय कुणाचं? पिंडीचं का ह्याचं?”

कळशी रिती झाली तशी तिनं माझी मानगूट धरली आणि ओढ्याच्या धारेत तोंड दाबलं. मी तडफडलो, तिला नको नको ते बोललो, दवाखान्यात न्या म्हणून रडलो. गाडी येईपर्यंत तिनं मला सोडलं नाही.

डोळ्यांवर पट्ट्या बसल्या आणि माझी तगमग सुरू झाली. खाटेवर पाठ टेकेना, भिंती चाचपत येरझारा घालायचो, पट्टी उपटायला हात शिवशिवायचे. धाकट्या लेकीचं तोंड पुन्हा दिसेल का, एवढं एकच डोक्यात. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाण्यानं धुतलं म्हणून आशा आहे, लिंबानं घात झाला असता.

पट्ट्या निघाल्या. डावा डोळा धूसरच राहिला. उजव्यानं लेक दिसली आणि मी ढसाढसा रडलो.

त्या बाईला मी फार शोधलं. कुणी कोळवणची म्हणे, कुणी ताम्हिणीकडची. पाया पडायचं राहूनच गेलं.

माझी नजर परत यावी म्हणून बायकोनं घरातले देव पाण्यात घातले होते. देवानं मात्र त्याआधीच मला पाण्यात घातलं होतं. मी हातपाय झाडत होतो, शिव्या देत होतो. त्यानं मान सोडली नाही.