गाडीनं भुसावळ सोडलं की

शेजारी सतत पाय हलवणारा माणूस बसला की माझं डोकं उठतं. अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्या एसटीत शेजारचे काका तसेच पाय हलवत बसले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, मांडीवर लाडवांचा डबा. बस कुठं थांबली की खिडकीतून डोकं बाहेर काढून मलाच विचारायचे, "काहून थांबली जी?"

त्यांची पोरगी मुंबईहून विमानानं अमरावतीला येत होती. तिला घ्यायला ते निघाले होते.

"आमच्या घरची रीतच हाय," ते म्हणाले. "पाव्हणा रेल्वेनं येत असला, तं गाडीनं भुसावळ सोडलं म्हणून फोन येते. मंगच आमी घरून निघतो. आजबी तसंच केलं. 'बाबा, विमान सुटून राह्यलं' असा फोन आला, मंग मी चप्पल घातली."

"पण विमान दोन तासांच्या आत पोचतं," मी म्हणालो.

"ते आता समजलं नं! मुंबई इतकी दूर, अमरावती उशाशी. मले वाटलं, मीच पयले पोचन."

"थांबेल हो ती थोडा वेळ."

त्यांचा पाय थांबला. "तिनं आपल्या मनानं लग्न केलं, तवा मीच म्हणलो होतो, माह्या दारात येऊ नको. तीन वर्षं झाले. आज दारात मी उभा पायजे नं."

मूर्तिजापूरला फोन वाजला. ती उतरली होती.

"आलोच," ते म्हणाले.

अमरावती अजून तासभर दूर होती. कंडक्टर 'बसा, बसा' म्हणत राहिला. ते मात्र डबा छातीशी धरून उठले आणि बसच्या दारात जाऊन उभे राहिले.