ईद एक दिवस आधी आली

विमानातून बहारीन पाहिलं आणि मनात आलं, एवढ्यासाठी पोराने गाव सोडलं? खाली पिवळी वाळू, भोवती समुद्र, आणि वाळूत कोणी खोकी मांडावीत तशी घरं. झाड शोधून दिसेना. शेजारच्या बाईला मी विचारलं, "इथं माणसं खातात काय?"

ती म्हणाली, "सगळं बाहेरून येतं, मावशी. आपणही बाहेरूनच चाललोय की."

साल पंचाण्णव की शहाण्णव, ते पासपोर्टावरच्या शिक्क्यात असेल. कपाट उघडायचा मला कंटाळा आहे. महिना मात्र रमजानचा होता. माझा मुलगा प्रकाश तिथे सित्र्याकडच्या एका कारखान्यात टेक्निशियन. तो, सून सुनंदा आणि नात प्रज्ञा गुदैबिया नावाच्या वस्तीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत. प्रज्ञा एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, माझा चेहरा कोरा दिसला की हात हलवत मराठीत सांगायचं, असं आमचं चाले.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच खाली उतरले. गल्लीत किराण्याची दुकानं, शिंपी, न्हावी, सगळे आपल्याकडचेच. मी केळी घेतली आणि तिथेच उभी राहून एक सोलायला लागले. दुकानदार केरळचा. तो धावत बाहेर आला.

"अम्मा, अंदर, अंदर! रमजान है!"

त्याने मला तांदळाच्या पोत्यांमागे स्टुलावर बसवलं. तिथे आधीच एक पंजाबी ड्रायव्हर तोंडात पाव कोंबून बसला होता. त्याने सरकून मला जागा दिली. जिथे राहायचं तिथला नियम पाळावा, यात मला गैर वाटलं नाही. पण या वयात लपून केळं खाल्लं हे गावात सांगितलं, तर अजून कोणाला खरं वाटत नाही.

संध्याकाळी उपवास सुटायच्या वेळी बेकरीसमोर रांग लागे. तिथे खबूस (तंदुरातली मोठी, पातळ रोटी) मिळे. गरम असेपर्यंत चांगली, गार झाली की चामडं. सुनंदा तिच्यासोबत सुकटीची चटणी वाढायची. ती सुकट मीच गावाहून नेली होती. आणखी एक वस्तू मी नेली होती, भिंतीवरचं मराठी कॅलेंडर. त्या कॅलेंडरापायी पुढचं सगळं झालं.

प्रज्ञा पळते हे मला पत्रांतून ठाऊक होतं. किती मनावर घेते ते तिथे कळलं. पहाटे उठून बापाबरोबर समुद्राच्या कडेने पळून यायची, मग कॉलेज. तिला पुण्यातल्या एका वसतिगृहात जायचं होतं. तिथे मुलींना शिकवतात आणि पळण्याचं शिक्षणही देतात. अर्जासोबत मोठ्या स्पर्धेतल्या अधिकृत वेळेचा कागद लागे, आणि अर्जाची मुदत जवळ आली होती. तो कागद तिथे एकाच ठिकाणी मिळायचा, बंदिस्त मैदानावर होणाऱ्या देशाच्या स्पर्धेत. परदेशी मुलींना त्यात पाहुण्या म्हणून पळू देत. पदक नाही, पण वेळेचा कागद देत.

त्याच सुमारास कॉलेजांच्याही स्पर्धा होत्या, त्याही हॉलमध्येच. तिथे बायकाच पळणार, बायकाच बघणार, पुरुषांना आत मनाई. त्यामुळे प्रकाशने लेकीला स्पर्धेत पळताना कधी पाहिलंच नव्हतं. देशाच्या स्पर्धेला मात्र बापमंडळींना जाता येणार होतं. त्याने शिफ्ट बदलून ठेवली होती.

कॉलेजच्या स्पर्धेची तारीख छापलेली होती, वार गुरुवार. देशाच्या स्पर्धेच्या कागदावर लिहिलं होतं, ईदनंतर आठव्या दिवशी. प्रज्ञाने दोन्हीकडे नाव द्यायच्या आधी मला विचारलं, "आजी, तुझ्या कॅलेंडरमध्ये ईद कधी?"

मी चष्मा लावून पाहिलं आणि ठामपणे सांगितलं, "गुरुवारी."

तिने बोटं मोजली. गुरुवारची ईद, तर आठवा दिवस पुढचा शुक्रवार. कॉलेजचं त्याच्या आदल्या दिवशी. "परफेक्ट!" म्हणाली आणि माझ्या गालाचा मुका घेतला. मीही खूश झाले, उगाच.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही जेवायला बसतोय तोच टीव्हीवर सांगितलं, चंद्र दिसला. उद्या ईद. खाली गल्लीत मोटारींचे भोंगे वाजायला लागले. प्रकाश कामावरून येऊन नुकता टेकला होता. तो कॅलेंडरकडे पाहून म्हणाला, "हे कोणी बघितलं? आई, इथली ईद आपल्या कॅलेंडरवर असते का कधी? इथं चंद्र दिसेल तेव्हा ईद, आणि ती आपल्या आधीच येते."

"मग मला आधी सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"मला कोणी विचारलं का?"

प्रज्ञाने पुन्हा बोटं मोजली आणि ताटावरून उठली. बुधवारची ईद म्हणजे आठवा दिवस गुरुवार. दोन्ही स्पर्धा एकाच दिवशी, सकाळी नऊला, गावाच्या दोन टोकांना.

आतल्या खोलीत ती उशीत तोंड घालून रडत होती. मी जवळ बसले. "चूक माझी," मी म्हटलं. चूक असली की कबूल करून मोकळं व्हावं.

ती नाक पुसत म्हणाली, "नो, आजी. मला माहीत होतं. दरवर्षी इथे आधीच येते ईद. तू गुरुवार म्हणालीस, मला तेच हवं होतं."

कॉलेजच्या स्पर्धेत तिला चौघींच्या रिलेत पळायचं होतं. एकीने काठी घेऊन पळायचं, मग ती दुसरीच्या हातात द्यायची. कॉलेजात पळणाऱ्या मुली मोजून चारच. पाचवी नाही, आणि नावं बदलायची मुदत संपलेली. ही नाही गेली तर बाकीच्या तिघीही पळणार नव्हत्या. त्यातली मरियम तिथलीच मुलगी, पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं. बापाने बायकांच्या हॉलमध्ये म्हणून परवानगी दिली होती, तीही एकदाच.

घरात आठवडाभर हेच चाललं. प्रकाश म्हणाला, "नॅशनलला जायचं, खलास." सुनंदा म्हणाली, "तिचं तिला ठरवू दे." प्रकाश म्हणाला, "ठरवायला काय भाजी आहे ती?"

प्रज्ञाने मला विचारलं. मी सरळ सांगितलं, "कागद घे. मैत्रिणी चार दिवस रागावतील. मग त्यांची लग्नं होतील, पोरं होतील, तुझं नावही विसरतील."

"पण मी नाही ना विसरणार," ती म्हणाली.

स्पर्धेच्या गुरुवारी सकाळी ती कॉलेजचा गणवेश घालून बाहेर आली. प्रकाशने गाडीची किल्ली घेतली. त्याने आम्हाला हॉलच्या फाटकाशी सोडलं. सुनंदाला रजा नव्हती, तेव्हा आत घरची अशी मी एकटीच.

आत बास्केटबॉलचा हॉल. लाकडी जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या मारलेल्या, आणि वळणावर कोणी भिंतीवर आपटू नये म्हणून कोपऱ्यांत गाद्या उभ्या केलेल्या. बाकांवर अबायांचा (काळ्या पायघोळ झग्यांचा) ढीग. दार लागल्यावर बायकांनी त्या काढून टाकल्या होत्या. मरियमने जाड काचांचा चष्मा डोक्यामागे दोरीने बांधला होता. मी तिला विचारलं, "शादी के बाद दौड़ने देंगे?"

"मालूम नहीं, अम्मा. आज दौड़ता है, खलास."

शर्यत सुरू झाली. दुसरी होती मरियम. ती वळणावर घसरून गादीवर आदळली, पण काठी सोडली नाही. उठून पळाली तोवर आमच्या मुली शेवटच्या झाल्या होत्या. प्रज्ञाच्या हातात काठी आली तेव्हा पुढे तिघी. तिने पहिल्या फेरीत एकीला मागे टाकलं. दुसऱ्या फेरीत वळणावर बाहेरच्या बाजूने घुसून दुसरीला. तिचा खांदा गादीला घासला तो आवाज मला बाकावर ऐकू आला. पहिलीला मात्र गाठता आलं नाही. दोन हात राहिले.

बायका जिभा हलवून लाटांसारखं ओरडत होत्या. मीही ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. चौघी एकमेकींच्या गळ्यात पडून जमिनीवर बसल्या होत्या आणि मरियमचा चष्मा कपाळावर गेला होता.

प्रकाश फाटकाबाहेर गाडीला टेकून उभा होता. "कितवी?"

"दुसरी. चौघी मिळून."

"पळाली कशी?"

"पायांनी."

तो हसला नाही. मग मी त्याला नीट सांगितलं, गादीपासून दोन हातांपर्यंत. गाडीत त्याने पुन्हा विचारलं. मला विमानतळावर सोडायला आला तेव्हाही सामान तोलताना म्हणाला, "आई, ते वळणावरचं सांग ना."

पुण्याचा अर्ज त्या वर्षी गेला नाही. पुढच्या वर्षापर्यंत प्रज्ञाला तिथल्याच हूरा नावाच्या वस्तीतल्या एका ऑफिसात नोकरी लागली, आणि पहाटेचं पळणं सुटलं. मला विचाराल तर कागदच घ्यायला हवा होता. फोनवर मी तिला तसं सांगितलंही. "यू टोल्ड मी ऑलरेडी, आजी," म्हणाली.

मला चौथीनंतर शाळेतून काढलं तेव्हा ते मला बाहेरच्यांकडून कळलं. माझ्या आईला तर शाळा कुठल्या दिशेला आहे हेही ठाऊक नव्हतं. आमच्या घरातल्या बायका रडल्या त्या काही मिळालं नाही म्हणून. हव्या असलेल्या दोन गोष्टी एकाच सकाळी दाराशी आल्या म्हणून रडलेली ही पहिली. तिचं निवडणं मला पटलेलं नाही. पण निवडलं तिने.