रंगनाथची नाडी

१९७३ च्या मे महिन्यात माझी पोस्टिंग नगरला होती. हुद्दा लान्स नायक, काम नर्सिंग असिस्टंटचं. रणगाड्यांचा सराव चालू असेपर्यंत रेंजवर अँब्युलन्स जीप घेऊन उभं राहायचं. लोकांना वाटतं फौजेत रोज लढाई असते. आमची रोजची लढाई पायाच्या फोडांशी आणि उन्हाच्या झळांशी. मी मूळचा पारनेर तालुक्यातला. घराजवळची पोस्टिंग म्हणून बाकीचे जवान माझ्यावर जळायचे.

धमनी आणि शीर यांतला फरक मी लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, शिकलो. बकरं कापलं की आमचे उस्ताद आम्हाला बोलवत आणि दोन नळ्या बोटांवर घेऊन दाखवत. धमनी जाड, कापली तरी तोंड उघडं. हृदयाकडून येणारं रक्त तिच्यातून जातं, म्हणून लालभडक आणि ठोक्याठोक्याला उडतं. शीर पातळ, कापली की चपटी होते. तिचं रक्त परतीच्या वाटेवरचं, काळपट, संथ. तिला ठोका नाही. "लाल उछले तो भागो, काला बहे तो दबाओ," उस्ताद म्हणत. ते मला तोंडपाठ होतं. नडलं तेच.

रंगनाथ बेलापूरचा, हुद्दा सवार, म्हणजे रणगाडा दलातला शिपाई. रणगाड्याचा ड्रायव्हर, वय सव्वीस. जिल्हा एक, म्हणजे फौजेत गाववालाच, म्हणून माझ्याकडच्या शेंगदाण्याच्या चटणीवर त्याचा हक्क असे. त्या दिवशी ओढ्यात फसलेला रणगाडा दुसऱ्या रणगाड्याने ओढत होते. तीन वाजून दहा मिनिटांनी पोलादी दोर तुटला. त्याचं टोक रंगनाथच्या मांडीला आतून फाडून गेलं.

मी पोचलो तेव्हा रक्त हातभर उडत होतं. मांडीवर टूर्निके, म्हणजे रक्त रोखायचा पट्टा, बांधला, काठी घालून पिळला. उडणं थांबलं. रंगनाथ शुद्धीवर होता.

"लई आवळलंस रं."

"गप पड."

तीन पंचविसाला निघालो. मैलभर गेलो आणि धुळीचं वादळ उठलं. दुष्काळाचं साल, शेतांत ढेकूळ राहिलं नव्हतं, नुसता भुगा. भर दुपारी उजेड गढूळ पिवळा झाला. पुढची वाट दिसेना. ड्रायव्हर मान बाहेर काढून चाकोरी शोधत बैलगाडीच्या चालीने जीप चालवू लागला. वारा एवढा असून कानांत मात्र सुन्न शांतता होती. मी रंगनाथच्या तोंडावर ओलं फडकं टाकलं, नाकात धूळ जाऊ नये म्हणून.

"थंडी वाजतीया," तो फडक्याखालून म्हणाला.

"मे महिना हाय. थंडी कुठली?"

"तुज्या मागं कोन बसलंय?"

मागे कोणी नव्हतं. तरी मी वळून पाहिलं. भीती वाटली, हे कबूल करतो.

त्यानंतर तो बोलला नाही. मला वाटलं, झोप लागली. डाव्या हाताने जखमेवरची पट्टी दाबली होती, उजव्या हाताने त्याचं मनगट धरलं होतं. अंगठ्याखाली नाडी ठणठणीत लागत होती. पट्टीतून रक्त झिरपत होतं, पण काळपट आणि संथ. मनात म्हटलं, हे शिरेचं, धमनी बंद आहे. फडकंही वरखाली होत होतं.

रेडिओवर आवाज आला. "कॅज्युअल्टी का क्या हाल? ओवर."

"पल्स एक सौ दस. ब्लीडिंग कम. ओवर."

जीप खड्ड्यात आदळली की माझी छाती धडधडायची, आणि अंगठ्याखालची नाडीही पळायची. मला बरं वाटलं. गडी सोबत करतोय, असंच वाटलं.

चार वाजून वीस मिनिटांनी एमआय रूमला, छावणीच्या दवाखान्यात, पोचलो. मेडिकल ऑफिसर कॅप्टन साहेबांनी फडकं काढलं. डोळे उघडे होते, पापण्यांवर धूळ. साहेबांनी गळ्याला दोन बोटं लावली, छातीला स्टेथोस्कोप लावला.

"कब से?"

"साहब, पल्स है. एक सौ बीस."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मनगट मी सोडलं नव्हतं.

"अंगूठे से देख रहे हो? अंगूठे की अपनी आर्टरी होती है. ये तुम्हारी पल्स है."

मी अंगठा उचलला, दोन बोटं ठेवली. खाली काहीच नव्हतं. खड्ड्यांत टूर्निकेची काठी सरकली होती, आणि रक्त मांडीखालून स्ट्रेचरच्या कापडात मुरत गेलं होतं. रक्त उडत नव्हतं, कारण उडवायला मागे हृदय चालू नव्हतं. फडकं वाऱ्याने हलत होतं. मी किती वेळ स्वतःचेच ठोके मोजत बसलो होतो, ते आजही सांगता येत नाही.

चौकशी झाली. वादळ, खराब रस्ता, मोठी जखम, असा शेरा आला. माझ्यावर ठपका नाही. तेवढ्याने झोप येत नाही.

महिन्याने एसटीने बेलापूरला गेलो. त्याच्या आईने अंगणात बाज टाकली आणि मृत्यूचा कागद पुढे केला.

"ह्यात चार-वीस लिवलंय म्हनं. खरं किती वाजता गेला?"

येताना वाटेत मी चांगलं खोटं तयार केलं होतं. ते तोंडातून निघेना.

"मला कळलं न्हाई, आई. हात धरून बसलो हुतो, तरी कळलं न्हाई. येळेत कळलं असतं तर कदाचित..."

तिने कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

"त्याचा बाप गेला तवा मी शेजारीच निजले हुते," ती म्हणाली. "सकाळी त्यांच्या अंगावरचं पांघरून नीट केलं, आन मग कळलं."

तिने कागद घडी करून ठेवला आणि मला जेवायला बसवलं. ताटं दोन वाढली होती. दुसऱ्या ताटावर कोणी बसलं नाही, त्यात शेंगदाण्याची चटणी वाढलेली होती.